अकरा पिशव्यांची ओटी

खडकीहून मांजरीला जाण्याला प्रवास म्हणतात का, असं माझ्या धाकट्या भावाने मला विचारलं. तो दुबईला जाऊन आला आहे आणि तिथल्या मॉलचे फोटो अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. मी म्हटलं, बाबा रे, तू विमानाने गेलास आणि दुकानं बघून आलास. मी बसने गेले, आणि जे बघून आले ते तुला अजून चार देश फिरलास तरी दिसायचं नाही. तो हसला. म्हणून हे लिहायला बसले.

आधी माझी ओळख. दारूगोळ्याच्या कारखान्यात भरणी विभागात मी चौतीस वर्षं काढली. निवृत्त झाले, गुडघे गेले, हातात काठी आली. जीभ मात्र आहे तशीच आहे. प्रज्ञा ही माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी. शेतीची पदवी घेतली, एका कंपनीत खतं-औषधं विकली आणि मग ती नोकरी सोडून मांजरीला दहा गुंठे जमीन भाडेपट्ट्याने घेऊन काकड्या लावायला लागली. आमच्या घराण्यात सातबाऱ्यावर कुणाचं नाव कधी चढलं नाही. आजोबा दुसऱ्याच्या रानात राबले, वडील कारखान्यात लागले, मीही तिथेच लागले. त्यामुळे पोरीने शेतीचं नाव काढल्यावर सगळ्यांनी विचारलं, "कुणाच्या मातीत?" ती म्हणाली, "माती नकोच आहे मला." सगळं घर हसलं. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

त्याला तीन वर्षं झाली. या फाल्गुनात तिचा फोन आला. "मावशी, आठवडाभर ये. तात्या रविवारी सांगणार आहेत."

तात्या म्हणजे जमिनीचे मालक. पट्ट्याची मुदत पाडव्याला संपत होती. तात्यांच्या दोन्ही मुलांना ती जागा एका बिल्डरला द्यायची होती. त्याला तिथे सॅम्पल फ्लॅट उभा करायचा होता. पण शेवटचा शब्द तात्यांचा. त्यांनी मुदत वाढवायला नाही म्हटलं तर प्रज्ञाचं पॉलिहाऊस उचलायचं, दोन हजारांवर वेल उपटायचे आणि पुन्हा खतं विकायला जायचं. रोपवाटिकेत पुढच्या पिकाची रोपंही रविवारपर्यंतच सांगायची होती.

"तू नुसती त्यांच्याशी बोलत बस," प्रज्ञा म्हणाली. "तुझं लोक ऐकतात."

ते खरं आहे, त्यामुळे मी नाही म्हटलं नाही.

सोमवार

बसचं सांगत नाही; बस सगळ्यांना माहीत आहे. हडपसरला उतरून रिक्षा केली. रिक्षावाल्याला म्हटलं, "मांजरी बुद्रुक, तात्यांचं शेत." तो म्हणाला, "सोसायटीचं नाव सांगा." मी म्हटलं, शेत आहे, शेत. त्याने आरशातून माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं आणि म्हणाला, "मावशी, शेत तर शेत, पण जवळची सोसायटी कुठली?" मांजरीत आता शेताचा पत्ता इमारतीवरून सांगतात. उसाचा एक तुकडा, मग बारा मजले, मग पुन्हा ऊस. एका उसाच्या फडाच्या बांधावर तर स्विमिंग पूल असलेल्या फ्लॅटची जाहिरात उभी होती आणि तिच्या सावलीत एक म्हैस बसली होती.

पॉलिहाऊस म्हणजे दुधी प्लास्टिकचं मोठं घर. दाराशी पोचले आणि माझे पाय आपोआप थांबले. दारात आडवी एक लाल फळी होती. फळीच्या अलीकडे बाहेरच्या चपला काढायच्या, तिच्यावर बसून पाय पलीकडे टाकायचे आणि तिथल्या मांडणीवरच्या पांढऱ्या चपला घालायच्या. पुढे औषधाच्या पाण्याचा उथळ ट्रे, त्यात पाय बुडवून आत.

"ही फळी कुणी सुचवली तुला?" मी विचारलं.

"तूच," प्रज्ञा म्हणाली. "लहानपणी तू कारखान्याच्या गोष्टी सांगायचीस ना."

आमच्या भरणी विभागात अशीच लाल फळी होती. अलीकडे घाण बाजू, पलीकडे स्वच्छ बाजू. पलीकडे बिनखिळ्यांचे बूट. कारण बाहेरच्या मातीतला एक खडा बुटाखाली आत आला, घासला आणि ठिणगी पडली, तर पुढचं सांगायला कुणी राहत नाही. चौतीस वर्षं मी मातीला आत येऊ दिलं नाही. आणि इथे माझी भाची तेच करत होती, काकडीसाठी. मला एकदम भरून आलं. मी ते दाखवलं नाही, फळीवर बसले आणि पाय असे सफाईने पलीकडे टाकले की गुडघे दोन मिनिटं विसरलेच.

आतलं सांगते. जमिनीवर पांढरं प्लास्टिक अंथरलेलं, त्यावर रांगेत लांबट पांढऱ्या पिशव्या. पिशवीत नारळाच्या काथ्याचा भुसा, त्याला कोकोपीट म्हणतात. प्रत्येक पिशवीत एक बारीक नळी खोचलेली. तिच्यातून पाणी आणि खत ठरल्या वेळी थेंबथेंब येतं आणि जास्तीचं खालच्या चिरेतून निघून जातं. वेल दोरीवरून सरळ वर चढवलेले, पोलिसांच्या संचलनासारखे. मूठभर भुसा हातात घेतला तर हलका, तपकिरी, वास ओल्या काथ्याचा. "यात खायला काही नसतं," प्रज्ञा म्हणाली. "फक्त उभं राहायला जागा. खायला मी देते, मोजून." तिच्या बोलण्यात कमालीचा ठामपणा होता. हिचं काम हिला येतं, हे मला पाच मिनिटांत कळलं.

तात्या आले ते दाराशी. पंचाहत्तरीचे, काटक, पांढरी टोपी. त्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, दाराला हात लावून नमस्कार केला आणि तसेच अनवाणी फळी ओलांडायला निघाले. पाय भरून चिखल.

"तात्या, अनवाणी नाही!" प्रज्ञा ओरडली. "त्या पांढऱ्या घाला."

"पिकात चप्पल घालून जाऊ व्हय?" तात्या म्हणाले. "खळ्यावर आन पिकात पायतान न्हाय. आमच्या आज्यापास्नं न्हाय."

"मग बाहेरूनच बघा."

"तसंच बघतो की तीन वर्सं."

आणि ते फळीच्या अलीकडेच उभे राहिले. प्रज्ञाने एक काकडी कापून मीठ लावून पुढे केली. त्यांनी हात जोडले. "नगं. आत बी न्हाय, खाली माती न्हाय, मंग हाय काय त्यात?"

खरं सांगते, माझ्या मनात दुसरीच शंका आली. काकडी बिनमातीची म्हणून नको, की आमच्या हातची म्हणून नको? ही शंका आमच्या लोकांना येते, आणि ती यायला आमच्याकडे कारणं आहेत. मी प्रज्ञाला विचारलं नाही. तिलाही ती आली असणार.

मंगळवार

शंका मनात ठेवून झोपायचा माझा स्वभाव नाही. सकाळी मी प्रज्ञाच्या खोलीवर भाकऱ्या थापल्या, खडकीहून आणलेल्या सुक्या बोंबलाची चटणी केली आणि दुपारी डबा घेऊन तात्यांच्या अंगणात जाऊन बसले. त्यांना म्हटलं, "जेवायला बसा."

"काय हाय?"

"बोंबील."

ते माझ्याआधी बसले. दोन भाकऱ्या खाल्ल्या, चटणी बोटाने पुसून घेतली आणि म्हणाले, "मीठ कमी हाय." मीठ कमी नव्हतं. पण मला इतकं हलकं वाटलं की मी वाद घातला नाही. म्हणजे त्यांचं भांडण काकडीशीच होतं. कालच्या शंकेची मला थोडी लाज वाटली, थोडीच.

जेवणावरून एक सांगायचं राहिलं. आमच्याकडे खडकीत पाहुणा उठला की "बसा की अजून" म्हणतात आणि तो बसत नाही. मांजरीत कुणी तसं म्हणत नाही. सरळ दुसरा चहा ठेवतात. मी त्या दिवशी चार चहा प्याले आणि तात्यांचा सगळा इतिहास ऐकला. ही जमीन त्यांच्या वडिलांची. आधी ऊस, मग टोमॅटो. आजूबाजूची रानं एकेक करून इमारतींखाली गेली.

"माज्या दोन्ही पोरांस्नी रान म्हंजी प्लॉट वाटतो," तात्या म्हणाले. "ही पोरगी निदान पीक घेती. पर कसलं पीक? बिनआईचं. मातीत पाय न्हाय."

"मग रविवारी काय सांगणार?"

"रविवार यायचा हाय अजून."

मी कारखान्यातल्या कडक साहेबांना बोलतं केलं आहे, पण या माणसापुढे माझी डाळ शिजेना.

परत आले तर प्रज्ञा पहिल्या रांगेत उकिडवी बसली होती. तीन वेलांची पानं भर उन्हात माना टाकून लोंबत होती. संध्याकाळी ती पुन्हा उभी राहिली. मी म्हटलं, ऊन असेल. ती नळ्या चाचपत राहिली.

बुधवार

दुपारी अकरा वेल पडले. सगळे पहिल्या रांगेतले, दारापासून ओळीने. प्रज्ञाने एक खोड ब्लेडने उभं चिरलं. आतून तपकिरी रेघ गेलेली. "मर," ती म्हणाली. हा रोग मातीतून येतो, मुळांतून चढतो आणि वेलाचं पाणी बंद करतो. "पण मावशी, इथे माती आहेच कुठे?"

मग तिने पिशवीच्या तोंडाचा भुसा बाजूला केला. खाली काळी माती होती. मूठभर, नीट दाबून बसवलेली. दुसऱ्या पिशवीत तेच. अकराच्या अकरा पिशव्यांत.

माझं डोकं सणकलं. भरणी विभागात असं कुणी केलं असतं तर त्याला घातपात म्हणाले असते. किल्ली दोघांकडेच, प्रज्ञाकडे आणि मालकाकडे. पीक मेलं की पट्ट्याचा प्रश्नच मिटला. माझ्या मनात सगळं चित्र तयार झालं, आणि माझ्या मनात एकदा चित्र तयार झालं की मी थांबत नाही. प्रज्ञा "मावशी, थांब" म्हणत होती, पण मी काठी टेकत तात्यांच्या अंगणात पोचले होते.

"द्यायची नाही जागा तर तोंडाने सांगा," मी म्हटलं. "पोरीच्या पिकात माती कालवायची काय गरज होती?"

तात्या दावं वळत होते. त्यांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर ना राग ना भीती. उलट थोडा लाजल्यासारखा चेहरा.

"घावलं व्हय तुमास्नी?" ते म्हणाले. "फुलं धरली तवा घातली म्या. पंधरा-ईस दिस झालं. ती गावाला गेलती."

"का पण?"

"लेकीला दिस गेलं की तिची ओटी भरत्यात का न्हाय? वेलास्नी पैली फुलं आली. म्हनलं ह्यांची ओटी कोन भरनार? पोरीला तर मातीचा इटाळ. म्हनून आपल्या रानातली मूठ मूठ घातली. धा वेलास्नी, आन वर एक. पाय धुऊन आत गेलतो, अनवाणी."

प्रज्ञा मागून येऊन उभी राहिली होती. तिने हळू आवाजात विचारलं, "तात्या, माती कुठली घेतलीत?"

"हिरीकडच्या तुकड्यातली. काळीभोर. सगळ्यात चांगली."

"जिथे तुमचे टोमॅटो होते?"

"तिथलीच."

"ते टोमॅटो कशाने गेले होते?"

तात्यांच्या हातातलं दावं थांबलं. ते म्हणाले, "मर लागलीती. आख्खं रान बसलं. त्याच्यामागारी तिथं टमाटं आलंच न्हाय." प्रज्ञाने सांगितलं की टोमॅटोची मर काकडीला लागत नाही, काकडीची वेगळी, पण ज्या मातीत एक घर करून बसली तिथे दुसरीही असायची, आणि इथे ती होती. तात्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "म्हंजी म्याच मारली व्हय गं तुजी झाडं?"

प्रज्ञा त्यांच्याशेजारी खाली बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीसारखा होता. "तात्या, माती वाईट म्हणून मी ती सोडली नाही. आमच्याकडे ती नव्हतीच. जे नव्हतं त्याच्याशिवाय कसं पिकवायचं ते शिकले, एवढंच."

मला वाटलं आता मी काहीतरी मोठं बोलावं. तेवढ्यात तात्यांनी माझ्या काठीकडे बोट केलं. "मावशी, ही परवा घिऊन आत गेलता न्हवं?"

मी काठीकडे पाहिलं. रबराच्या टोकाला मांजरीच्या रस्त्यावरची माती वाळून घट्ट बसली होती. सोमवारी मी फळीवर बसले, पाय पलीकडे टाकले, चपला बदलल्या, ट्रेमध्ये पाय बुडवले, आणि काठी तशीच टेकत आत फिरले. चौतीस वर्षांची शिस्त, आणि काठीला चप्पल नव्हती.

"मी पुसून काढलं होतं तू गेल्यावर," प्रज्ञा म्हणाली. "तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

घातपाताचा विषय मी तिथेच सोडला.

शनिवार

मधले दोन दिवस आम्ही वाट पाहण्यात घालवले. बुधवारी संध्याकाळीच प्रज्ञाने अकरा पिशव्यांच्या नळ्या बंद केल्या, वेल मुळासकट पोत्यात बांधले, पिशव्या बाहेर काढल्या आणि खालचं प्लास्टिक औषधाने धुतलं. वेल जाळले. तात्या फळीच्या अलीकडून सगळं बघत होते. मुलं काय म्हणतील हे त्यांनाही ठाऊक होतं: बघा, बिनमातीचं पीक मेलं. एक वेल जरी आणखी पडला असता तरी रविवारचं उत्तर काय येणार ते सांगायला नको होतं.

गुरुवारी दुपारी प्रज्ञा रांगांमधून चालली. मी बाहेर बसले, काठी मांडीवर घेऊन. शुक्रवारी पुन्हा. शनिवारी दुपारी ऊन इतकं होतं की प्लास्टिक तडतडत होतं. ती शेवटच्या रांगेतून बाहेर आली, चपला बदलल्या आणि म्हणाली, "एकही नाही."

"शेजारची?" तात्यांनी विचारलं.

"शेजारचीही नाही. प्रत्येक पिशवीचं पाणी वेगळं, तात्या. मुळं एकमेकांना भेटत नाहीत."

तात्यांनी त्या मोकळ्या पट्ट्याकडे पाहिलं. बाराव्या पिशवीतला वेल ताठ उभा होता, त्याला चार काकड्या लटकलेल्या. "रानात असती," ते म्हणाले, "तर आज सगळं झोपलं असतं." मग त्यांनी हात पुढे केला. प्रज्ञाला आधी कळलं नाही. तिने घाईघाईने एक काकडी कापली, मीठ लावलं. तात्यांनी ती शांतपणे खाल्ली, शेवटचा तुकडा खाऊन झाल्यावर हात धोतराला पुसले.

"पानचट हाय," ते म्हणाले. "कडू न्हाय पन."

मी विचारलं, "मग उद्याचं काय?"

"उद्या हाय की."

रविवार

माझी बॅग भरून तयार होती. रिक्षा साडेदहाला येणार होती. दहा वाजून गेले तरी तात्यांचा पत्ता नव्हता. प्रज्ञा दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. रोपवाटिकेतून दोन फोन आले, तिने दोन्ही उचलले नाहीत. मी आत्मविश्वासाची बाई. पण त्या अर्ध्या तासात मी जे जे बोलले त्यातलं मला स्वतःलाच काही पटलं नाही.

तात्या आले ते हातात कापडी पिशवी घेऊन. ती त्यांनी माझ्यापुढे धरली. जड होती. आत काळी माती, चाळलेली, खडा एक नाही.

"टमाट्याच्या तुकड्यातली न्हवं," ते म्हणाले. "बांधावरची हाय, कवा काई लावलं न्हाय तिथं. तुमच्याकडं कुंड्या असतील."

आमच्यात ओटी घेत नाहीत. छप्पन्न साली बौद्ध झाल्यावर आमच्या घराने या सगळ्या चाली सोडल्या, आणि विचार करून सोडल्या. मी ते सांगायला तोंड उघडलं. तात्याच म्हणाले, "तुमच्यात घेत न्हाईत, ठावं हाय मला. ही ओटी न्हवं. पिशवी हाय."

मी पिशवी घेतली. आमच्या घराण्याला आजवर कुणी माती दिली नव्हती. आणि त्याच वेळी मला वाटलं, हा निरोप आहे. नाही म्हणायच्या आधी माणसं हातावर काहीतरी ठेवतात. प्रज्ञालाही तेच वाटलं असावं. ती मांडणीकडे तोंड करून उगाच चपला नीट लावत होती.

रिक्षाचा हॉर्न वाजला.

"पोरी," तात्या म्हणाले.

ती वळली.

"त्या मांडणीवर माजा बी एक जोड ठेव. आठ नंबर. पांढऱ्याच असूदेत."

प्रज्ञाने विचारलं, "तात्या, तुम्ही पिकात चप्पल घालणार?"

"मंग? येताजाता बाहेरूनच बघू व्हय, आनखी तीन वर्सं?"

तिने तिथेच, आमच्यादेखत, रोपवाटिकेला फोन लावला. तिला आकडा नीट सांगता येईना. मी फोन हातात घेतला आणि सांगितला, अकरा जादा धरून.

भाऊ काल येऊन गेला. गॅलरीतली नवी कुंडी बघून म्हणाला, "माती कुठून आणलीस?" मी म्हटलं, "परदेशातून." त्यात गवती चहा लावला आहे. आणि काठीच्या टोकाला प्रज्ञाने पाठवलेला पांढरा रबरी बूट आहे, आतला. बाहेर जाताना मी तो काढून ठेवते.